वाचकांचे प्रश्न : बेटावरची सुट्टी

उष्ण कटिबंधातल्या बेटांवर जायच्या तयारीत असलेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेकांची बघायच्या ठिकाणांची यादी पक्की आहे. भरती किती वाजता, वारा कुठल्या बाजूचा आणि अंधार केव्हा पडतो, हे मात्र त्या यादीत नाही. बेत फसतात ते बहुधा इथेच, त्यामुळे उत्तरांमध्येही हेच मुद्दे पुन्हा पुन्हा येतील.

प्रश्न : एका डोंगराळ ज्वालामुखी बेटावर आम्ही सात दिवस राहणार आहोत. स्कूबा डायव्हिंग, शिखरावरचा सूर्योदय, धबधबा आणि दिवसभराची बोटीची सहल करायची आहे. क्रम कसा लावावा?

उत्तर : परतीच्या विमानापासून सुरुवात करा आणि उलटं मोजत या. स्कूबात, म्हणजे पाठीवरच्या टाकीतली हवा घेत पाण्याखाली पोहताना, दाबाखालची हवा श्वासावाटे जाते आणि तिच्यातला नायट्रोजन शरीरात विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. पुरता बाहेर पडण्याआधीच कमी दाबाच्या ठिकाणी गेलात, तर त्याचे बुडबुडे होतात आणि सांधेदुखीपासून अर्धांगवायूपर्यंत काहीही होऊ शकतं. एकच साधी डाइव्ह असेल तर विमानाआधी किमान १२ तास, एकाहून जास्त किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास जाऊ द्यावेत, असा डायव्हिंगमधला प्रचलित नियम आहे. त्यापेक्षा एक अख्खा दिवस कोरडा ठेवला की हिशेबच नको.

विमान सगळ्यांच्या लक्षात राहतं, शिखर राहत नाही. हवाईतल्या हालेआकालाची उंची ३,०५५ मीटर आहे आणि गाडी थेट माथ्यापर्यंत जाते. शरीराच्या दृष्टीने ते विमानात बसल्यासारखंच. हेलिकॉप्टरची फेरीही त्यातच धरा. म्हणून शिखर आधी, स्कूबा नंतर. माथ्यावर पहाटे तापमान शून्याजवळ जाऊ शकतं, तेव्हा समुद्रकिनाऱ्याच्या कपड्यांत जाऊ नका.

सात दिवसांचा क्रम असा जमेल : पहिला दिवस मुक्कामाजवळच्या किनाऱ्यावर, दुसऱ्या दिवशी शिखर, तिसऱ्या दिवशी बोट. बोट शेवटाला ठेवू नये, कारण वाऱ्यामुळे ती रद्द झाली तर पुढे सरकवायला दिवस लागतात. चौथ्या-पाचव्या दिवशी स्कूबा, सहाव्या दिवशी धबधबा. पण तो ६०० मीटरच्या खालचाच निवडा. पावसानंतर धबधबा देखणा होतो, डोहात उतरण्याजोगा राहत नाही. पाणी अचानक गढूळ झालं किंवा पाचोळा वाहून येऊ लागला, तर वर डोंगरात पाऊस झाला आहे असं समजा आणि लगेच काठावर या. तुमच्या डोक्यावर आकाश निरभ्र असून काही उपयोग नाही.

आणखी एक. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यातल्या उंच बेटाच्या दोन बाजूंचं हवामान निराळं असतं. वारा ज्या बाजूला येऊन आदळतो तिथे ढग, पाऊस, हिरवाई आणि खवळलेलं पाणी. पलीकडे ऊन आणि शांत समुद्र. हवाईतल्या काउआई बेटावर वायआलेआले शिखराच्या परिसरात वर्षाला दहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तिथून काही दहा किलोमीटरवरच्या आडोशाच्या किनाऱ्यावर त्याचा एक लहानसा अंश. हॉटेलच्या खिडकीतून पाऊस दिसला म्हणून दिवस रद्द करायची गरज नाही, बाजू बदला. वारा साधारणपणे दुपारकडे वाढत जातो आणि डोंगरावरही ढग उशिराच जमतात, म्हणून पाण्यातले आणि उंचावरचे सगळे कार्यक्रम सकाळी घ्या.

प्रश्न : एका लगूनमध्ये (प्रवाळभिंतीच्या आतल्या उथळ पाण्यात) सकाळी अकराला छान पाणी होतं, मासे दिसले. तीन दिवसांनी त्याच वेळी गेलो तर पाणी गुडघ्याखाली आणि पायाला प्रवाळ लागत होते. असं का?

उत्तर : कारण भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. तीन दिवसांत ती अडीच तासांनी सरकली. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास लागतात, तेव्हा अडीच तासांचा फरक म्हणजे जवळजवळ अर्धी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास फरक कमी. (ताहिती हा गमतीचा अपवाद : तिथे चंद्रापेक्षा सूर्याचा जोर चालतो आणि भरती रोज मध्यान्ह व मध्यरात्रीच्या सुमाराला येते.)

स्नॉर्केलिंगला (मास्क आणि नळी लावून पाण्यावर पालथं तरंगत खाली बघायला) सगळ्यात चांगली वेळ म्हणजे भरती पूर्ण होण्याआधीचा तास ते तिच्यानंतरचा अर्धा तास. बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं, प्रवाळावर पुरेसं पाणी असतं आणि प्रवाह मंद असतो. ओहोटी जोर धरते तेव्हा दोन गोष्टी बिघडतात. एक तर पाणी गढूळ होतं. दुसरं जास्त महत्त्वाचं : लाटांनी प्रवाळभिंतीवरून आत टाकलेलं पाणी भिंतीतल्या खिंडीतून बाहेर पडतं आणि तिथे ओढ लागते. वरून पाहिलं तर खिंड गडद निळी दिसते आणि तिथे लाटा फुटत नाहीत, म्हणून नवखा माणूस तीच जागा शांत समजून निवडतो. बोटी त्याच वाटेने येतात-जातात, हे आणखी एक कारण तिथे न जाण्याचं.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, दमछाक होते आणि बुडण्याचं कारण तीच असते. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, दम असेल तर प्रवाहाला आडवं, म्हणजे किनाऱ्याला समांतर पोहा आणि जिथे लाटा फुटताना दिसतात त्या बाजूने परत या.

प्रश्न : मास्कमध्ये पाणी शिरतं. मला मिशा आहेत आणि चष्माही आहे.

उत्तर : भाड्याचा मास्क घेताना पट्टा डोक्यामागे न टाकता तो नुसता चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर, घसरला तर दुसरा घ्या. गळतो म्हणून पट्टा आवळणं ही सर्रास होणारी चूक. आवळल्याने कड वाकडी होते आणि गळती वाढते. पट्टा कानांच्या वर, डोक्याच्या मागच्या फुगवट्यावर हवा आणि कडेखाली केस अडकलेले नकोत. मिशी असेल तर नाकाखालची जेमतेम अर्धा सेंटीमीटरची पट्टी साफ करा किंवा तिथे सिलिकॉन ग्रीस लावा. तरी थोडं पाणी येणारच; मास्कची वरची कड कपाळावर दाबून नाकाने फुंकर मारली की ते खालून निघून जातं.

चष्म्यासाठी नंबरच्या काचांचे मास्क मिळतात, काचा बहुतेक अर्ध्या अर्ध्या नंबराच्या फरकाने असतात. आपला नेमका नंबर नसेल तर एक पायरी कमीचा चालतो, कारण पाण्यात वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या आणि जवळ भासतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरायच्याच असतील तर एका दिवसाच्या, आणि पाण्यातून आल्यावर त्या टाकून द्या.

काच धुरकट होत असेल तर मास्क नवा आहे का पाहा. नव्या काचेवर कारखान्यातला थर असतो. साधी पांढरी टूथपेस्ट बोटाने चोळून दोन-तीनदा धुतली की तो जातो. एरवी पाण्यात उतरण्याआधी आतून थुंकी किंवा पातळ केलेला बेबी शॅम्पू फिरवून एकदाच विसळायचं.

प्रश्न : पोहता येत नाही. तरी स्नॉर्केलिंग करता येईल? आणि स्कूबा?

उत्तर : लाइफ जॅकेट घालून, मार्गदर्शकाने हाताशी धरलेल्या तरंगत्या रिंगच्या आधाराने, पाय टेकतील एवढ्या पाण्यात : हो. आधी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून फक्त तोंड बुडवा आणि नळीतून दहा मिनिटं श्वास घ्या. श्वास लांब आणि संथ हवा. भराभर घेतला तर नळीतली वापरलेली हवाच आत-बाहेर होत राहते आणि गुदमरल्यासारखं वाटतं. नळीत पाणी आलं तर ‘टु’ म्हणतात तसा जोरात एक फुंकर. संपूर्ण चेहरा झाकणारे मास्क नवख्यांना सोपे वाटतात, पण आत पाणी किंवा घुसमट झाली तर ते पटकन काढता येत नाहीत आणि स्वस्त मास्कमध्ये श्वासातली हवा नीट बाहेर जात नाही. साधा मास्क आणि साधी नळी बरी.

प्रशिक्षकासोबतची पहिलीवहिली डाइव्ह जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत असते आणि वयाची अट बहुतेक ठिकाणी १० वर्षांची. पोहता येत नसलेल्यांनाही अनेक जण नेतात. आमचं मत विचाराल तर आधी पाण्याची भीती मोडा, मग खाली जा. कान दुखायला लागण्याआधीच, प्रत्येक मीटरला, नाक दाबून हलकी फुंकर मारत राहावं लागतं. सर्दी असेल तर ते जमत नाही आणि पडद्याला इजा होते. दमा, हृदयविकार, फिट्स किंवा गर्भारपण असेल तर फॉर्मवर लपवू नका. आणि पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही, वर येताना तर नाहीच.

प्रश्न : सनस्क्रीन लावूनही पाठ भाजली.

उत्तर : कमी लावलं असणार. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला एका वेळी ३० ते ३५ मिलिलिटर लागतं, म्हणजे १०० मिलिलिटरची बाटली तीनदा लावली की संपायला हवी. दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावायचं. स्नॉर्केलिंगमध्ये माणूस तासभर पालथा असतो, म्हणून मान, पाठ, पोटऱ्या आणि गुडघ्यांची मागची बाजू भाजते. त्यावर लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट हा क्रीमपेक्षा भरवशाचा उपाय. काही सनस्क्रीन प्रवाळांना अपायकारक मानली जातात, म्हणून प्रशांत महासागरातल्या पलाऊने १ जानेवारी २०२० पासून आणि हवाईने १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनोक्सेट असलेल्या सनस्क्रीनवर निर्बंध आणले. वेष्टनावर ‘रीफ सेफ’ (प्रवाळांना सुरक्षित) लिहिलेलं असलं तरी मागची घटकांची यादी वाचा. झिंक ऑक्साइडवालं घेतलं तर बहुतेक ठिकाणी अडचण येत नाही.

प्रश्न : बेटावर ताजा मासा मिळतोच, तर काय खावं? काही मासे विषारी असतात म्हणतात, ते कसे ओळखायचे?

उत्तर : डोळे चकचकीत, कल्ले लाल, मांस घट्ट, वास नाही, या कसोट्यांवर उतरलेला मासाही तुम्हाला आजारी पाडू शकतो, आणि हेच समजून घ्यायचं आहे. सिग्वाटेरा नावाची ही विषबाधा आहे. प्रवाळांवरच्या शेवाळाशी राहणाऱ्या एका सूक्ष्म जीवाचं विष शेवाळ खाणाऱ्या छोट्या माशांत जातं, त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांत साठत जातं आणि सर्वांत मोठ्या शिकारी माशात सर्वांत जास्त असतं. त्याला चव नाही, वास नाही. तळून, उकडून, गोठवून, मसाला-लिंबू लावून ते जात नाही. १७७४ मध्ये कॅप्टन जेम्स कुकच्या जहाजावरची माणसं आजच्या वानुआतूजवळ मासे खाऊन आजारी पडली, तो हाच प्रकार असावा असं लक्षणांवरून मानलं जातं.

त्यामुळे निवड माशाच्या जातीवरून आणि आकारावरून करायची. बराकुडा आणि मोरे ईल नकोतच. प्रवाळातले मोठे हेकरू, मोठी तांबोशी, अंबरजॅक हेही टाळा. दोन-तीन किलोहून मोठ्या माशाचे तुकडे असतील तर दुसरं काही मागवा. डोकं, काळीज आणि गाबोळी कुठल्याच प्रवाळातल्या माशाची खाऊ नका, विष तिथे जास्त असतं. स्थानिक कोळ्यांना कोणत्या बाजूचे मासे लागतात हे ठाऊक असतं, ते खात नाहीत ते तुम्हीही खाऊ नका. खोल समुद्रातले टूना आणि माही-माही या बाबतीत सुरक्षित.

लक्षणं काही तासांत ते एक-दोन दिवसांत दिसतात : उलट्या-जुलाब, ओठांभोवती मुंग्या आणि थंड वस्तू हाताला भाजल्यासारखी लागणं. हे शेवटचं लक्षण दिसलं तर डॉक्टरांना कोणता मासा खाल्ला ते आवर्जून सांगा. मुंग्या काही आठवडेही राहू शकतात. त्या काळात मद्य आणि मासे बंद.

टूना आणि माही-माहीचा धोका वेगळा आहे. पकडल्यावर ते बर्फात गेले नाहीत तर त्यांत हिस्टामाइन तयार होतं, आणि तेही शिजवून जात नाही. घास मिरमिरीत, जिभेला झोंबल्यासारखा लागला तर ताट बाजूला सारा. चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, छातीत धडधड असा त्रास काही मिनिटांत ते तासाभरात सुरू होतो आणि बहुधा दिवसभरात ओसरतो. हा दोष माशाचा नसून साठवणीचा, म्हणून उन्हात उघड्यावर मांडलेला टूना स्वस्त मिळाला तरी नको.

पॅरटफिश रुचकर लागत असला तरी मागवू नये असं आम्हाला वाटतं. तो प्रवाळांवरचं शेवाळ खरवडून त्यांना जागा मोकळी करून देतो आणि दगड चावून पांढरी वाळू बाहेर टाकतो. तुम्ही ज्या किनाऱ्यासाठी आलात, त्यातला बराच भाग त्याने केलेला असतो.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहावं लागेल का?

उत्तर : नाही. प्रशांत महासागरातल्या बेटांवर ब्रेडफ्रूट म्हणजे नीरफणस, टारो म्हणजे अळकुड्या, कसावा, रताळी, कच्ची केळी आणि नारळाचं दूध हाच जेवणाचा कणा आहे. अडचण येते ती न दिसणाऱ्या गोष्टींची. आग्नेय आशियातल्या बेटांवर भाजीतही फिश सॉस किंवा कोळंबीची पेस्ट असते. ‘मांस नको’ म्हटलं तर मासा मांसात धरला जात नाही. म्हणून ‘मासा नको, कोळंबी नको, फिश सॉस नको’ असं एकेक नाव घेऊन सांगा, आणि जमलं तर स्थानिक भाषेत कागदावर लिहून न्या. एका बेटावर एकच रिसॉर्ट असेल तर बाहेर जेवायला जागाच नसते, तिथे खोली घेण्याआधीच ईमेलने विचारून तीन वेळच्या जेवणासह दर ठरवा.

प्रश्न : जमिनीखालच्या भट्टीतलं जेवण बघण्यासारखं असतं का? की फक्त पर्यटकांसाठीचा देखावा?

उत्तर : दोन्ही प्रकार असतात. फिजीत लोवो, सामोआत उमू, हवाईत इमू म्हणतात. लाकडावर ज्वालामुखीचे दगड तापवायचे, वर मांस, टारो, नीरफणस ठेवून केळीच्या पानांनी झाकायचं. फिजी-हवाईत हे खड्ड्यात करून वर माती लोटतात, सामोआत जमिनीवरच पानांचे थर रचतात. दगड घट्ट आणि कोरडे लागतात; आत पाणी मुरलेले दगड तापल्यावर फुटतात. अख्खं डुक्कर असेल तर शिजायला बरेच तास जातात. जेवणाआधी भट्टी उघडतात तो क्षण पाहण्यासारखा, म्हणून आरक्षण करताना ‘भट्टी किती वाजता उघडणार’ एवढंच विचारा. वेळ सांगता आली नाही तर जेवण बहुधा स्वयंपाकघरातल्या ओव्हनमधून येणार.

प्रश्न : सूर्यास्त बघायला टेकडीवर जायचं आहे. किती वेळ हाताशी ठेवावा?

उत्तर : विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. मावळल्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांत वाट दिसेनाशी होते. अर्धा तास आधी वर पोहोचा आणि प्रत्येकाकडे कपाळावर बांधायची बॅटरी असू द्या, मोबाइलचा उजेड उतारावर पुरत नाही.

प्रश्न : बोट लागते. काय करावं?

उत्तर : गोळी (मेक्लिझिनसारखी, डॉक्टरांना विचारून) निघण्याच्या तासभर आधी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही. बोटीच्या मध्यावर किंवा मागे बसा, नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइल खिशात. स्पीडबोटच्या पुढच्या बाकावर सर्वांत जास्त आपटतं. पाठदुखी असलेल्यांनी आणि गर्भवतींनी तिथे बसूच नये. अगदी रिकामं पोटही बरं नाही, कोरडं काहीतरी खाऊन निघा.

प्रश्न : पाण्यात काही चावलं, टोचलं तर?

उत्तर : प्रवाळाने खरचटलं तर छोटं समजून सोडू नका, जखमेत राहिलेले कण चिघळतात. स्वच्छ पाण्याने धुऊन मऊ ब्रशने घासा, मग जंतुनाशक. सी-अर्चिनचे काटे किंवा स्टोनफिशचा डंख असेल तर तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४० ते ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाण्याचा अंदाज न दुखावलेल्या हाताने घ्या. स्टोनफिश असेल तर सोबत रुग्णालयही गाठायचं. बॉक्स जेलीफिशच्या प्रदेशात किनाऱ्यावर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. अर्धा मिनिट ते ओता, तोवर दुसऱ्याने रुग्णवाहिका बोलवावी. गोडं पाणी, वाळू चोळणं किंवा लघवी, यांतलं काही करू नका. कॅरिबियन किनाऱ्यावर मांचिनील नावाचं झाड असतं, बहुधा लाल पट्टा किंवा फलक लावलेलं. फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं दिसतं, पण ते खाणं सोडाच, पावसात झाडाखाली उभं राहिलं तरी गळणाऱ्या चिकाने अंगावर फोड येतात.

प्रश्न : मांटा रे, देवमासे कुठे, केव्हा? आधी परवाने लागतात का?

उत्तर : हंपबॅक देवमासे हवाईजवळ डिसेंबर ते एप्रिल, टोंगाजवळ जुलै ते ऑक्टोबर. हवाईत त्यांच्यापासून १०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर लांब राहावं लागतं, टोंगात परवानाधारक चालकासोबत पाण्यात उतरता येतं. मालदीवच्या बा अॅटॉलमधल्या (कड्यासारख्या प्रवाळबेटांच्या समूहातल्या) हानिफारू उपसागरात नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या महिन्यांत मांटा जमतात. तिथे स्कूबाला बंदी आहे, फक्त स्नॉर्केलिंग. भरतीबरोबर प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) आत येऊन अडकतं आणि मांटा त्याच्यामागे येतात, म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस निवडले तर शक्यता वाढते.

परवान्यांचं म्हणाल तर तिकिटांसोबतच हेही बघा. हालेआकालाच्या सूर्योदयाला गाडीचं आरक्षण लागतं, गालापागोसच्या राष्ट्रीय उद्यानातल्या ठिकाणी प्रमाणित मार्गदर्शक लागतो. थायलंडची माया बे २०१८ मध्ये बंद केली होती, २०२२ मध्ये उघडली, पण आता तिथे पोहता येत नाही आणि दर वर्षी काही आठवडे ती पुन्हा बंद असते.

प्रश्न : शंख-शिंपले आणता येतील?

उत्तर : दगडी प्रवाळ, राक्षसी शिंपले आणि क्वीन काँच शंख यांच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीवर साइट्स (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या) कराराचं नियंत्रण आहे; दुकानातून पावतीसह घेतले तरी विमानतळावर परवाना मागू शकतात. किनाऱ्यावरचा सुंदर नक्षीचा शंकूसारखा शंख तर हातातही घेऊ नका. कोन स्नेल आत जिवंत असेल तर तो विषारी दात मारतो, आणि त्यातल्या काही जातींच्या डंखाने माणसं दगावली आहेत.